यंत्र धडधाकट, ड्रायव्हर बेवारस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १०साठी मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर ‘जुना संगणक वेळीच बदला’ अशा अर्थाचे सल्ले अधूनमधून वाचायला मिळतात. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, सुरक्षेची काळजीही खरी आहे. पण हे सल्ले पडदा, कीबोर्ड आणि फार तर प्रिंटर यांच्यापलीकडे जात नाहीत. संगणकाच्या पाठीमागून निघालेल्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, याचा विचार त्यात कुठे दिसत नाही. माझी नोकरी त्या दुसऱ्या टोकालाच आहे, म्हणून हे पत्र.

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. कागदोपत्री माझ्याकडे उपकरणांची देखभाल आहे. प्रत्यक्षात उपकरणे फारशी बिघडत नाहीत. बिघडते ते त्यांचे आणि संगणकाचे नाते, आणि माझा वेळ त्यातच जातो.

आमच्याकडे एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते ते मोजणारे यंत्र. विंडोज एक्सपी सर्वत्र होती त्या काळातला. त्याचा ड्युटेरियमचा दिवा मी बदलला आहे, आरसे धूळ लागू न देता जपले आहेत. होल्मियम ऑक्साइडची काच ठेवून तपासले, तर ५३६ नॅनोमीटरच्या आसपासचे शिखर आजही जिथल्या तिथे येते. ज्यांनी अशी यंत्रे हाताळली आहेत त्यांना यातला आनंद कळेल. हे यंत्र आजवर ३२ बिटच्या विंडोज १०वर चालत होते (३२ बिट हा विंडोजचा जुना साचा, ६४ बिट हा नवा). त्याचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची भाषा संगणकाला समजावून देणारा छोटा प्रोग्रॅम, मूळचा एक्सपीसाठी लिहिलेला. विंडोज ७वर चालला, १०वर बसवतानाही लाल चौकटीतला इशारा देऊन का होईना, पण चालला. मग सुरक्षा अपडेट मिळत नसलेले संगणक नेटवर्कवरून काढायचे ठरले, विभागात विंडोज ११ असलेले नवे संगणक आले आणि मी केबल नव्या संगणकाला लावली.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडला. ‘इतर उपकरणे’ या मथळ्याखाली आमचा स्पेक्ट्रो ‘अज्ञात उपकरण’ म्हणून बसलेला, शेजारी पिवळा त्रिकोण. गुणधर्म उघडले तर कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कंपनीची सीडी मी जपून ठेवली होती. तिच्यातला फोल्डर दाखवला, तर उत्तर आले की या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या विंडोजला चालेल असा ड्रायव्हर नाही. कंपॅटिबिलिटी मोड, म्हणजे आपण जुन्याच विंडोजवर आहोत असे भासवणारी सोय, लावून बघा, असे चार जणांनी सुचवले. त्या सोयीने जुना प्रोग्रॅम फसवता येतो, ड्रायव्हर नाही.

का नाही, हे थोडे सविस्तर सांगते. साधा प्रोग्रॅम हा पाहुणा असतो, बाहेरच्या खोलीत बसतो. ड्रायव्हर घरातला माणूस, तिजोरीच्या किल्ल्याही त्याच्या हातात. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात चालतो. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने केलेली आहे. ड्रायव्हरला तशी सोय नाही. कर्नल ६४ बिटचा असेल तर ड्रायव्हरही ६४ बिटचाच हवा. आणि विंडोज ११ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. थोडक्यात, विंडोज १० संपली तेव्हा फक्त विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय नसलेले किंवा इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरचे संगणक बाहेर पडले असे नाही. विंडोजच्या ३२ बिटच्या ड्रायव्हरांचे सर्वसामान्य वापरातले शेवटचे घर त्या दिवशी बंद झाले. याची बातमी मात्र कुठे वाचली नाही.

कर्नलमध्ये कोणाला घ्यायचे याबाबत मायक्रोसॉफ्ट कडक झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. ड्रायव्हर चुकला तर एक प्रोग्रॅम बंद पडत नाही, सगळा संगणक आडवा होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल तिच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमाने जमिनीवर राहिली, ती एका ड्रायव्हरपायी. त्याआधी २००७मध्ये व्हिस्टा आली तेव्हाचे हाल माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. त्यातल्या २००७च्या नोंदींनुसार व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीच्या ड्रायव्हरांमुळे होते आणि १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या. शिव्या मात्र एकट्या व्हिस्टाने खाल्ल्या.

त्या व्हिस्टाचे एक ऋण मात्र आहे. तिच्यासाठी नव्याने घातलेली ड्रायव्हरांची चौकट विंडोज ७, ८, १० आणि ११मध्येही बरीचशी कायम राहिली. तिच्या ६४ बिट आवृत्तीत कर्नलच्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. २०१६मध्ये विंडोज १०च्या १६०७ या आवृत्तीपासून नियम आणखी कडक झाला: नवा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडूनच सही करून घ्यायचा. पण २९ जुलै २०१५पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेल्या जुन्या ड्रायव्हरांना तेव्हा सवलत ठेवली. त्यामुळे विंडोज ७च्या काळात ज्या कंपनीने ६४ बिटचा, नीट सही केलेला ड्रायव्हर दिला, तिचे उपकरण विंडोज ११वरही अनेकदा विनातक्रार चालत आले आहे. आमच्याच विभागातला एक पीएच मीटर तसा चालतो आहे. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर तिथे अडतात, पण ती पुढची गोष्ट.

मग स्पेक्ट्रोवालेच असे वाऱ्यावर का पडले? कारण त्यांच्या कंपनीने त्या काळात ६४ बिटचा ड्रायव्हर लिहिलाच नाही. नवे मॉडेल बाजारात आणायचे होते, जुन्यावर माणूस कशाला बसवा? मी कंपनीला लिहिले. उत्तर नम्र होते: हे मॉडेल आता समर्थनाच्या कक्षेत नाही, नव्या मॉडेलचे माहितीपत्रक सोबत जोडत आहोत. मी पुन्हा लिहिले. ड्रायव्हर नको, निदान यंत्राला संगणकाकडून कोणत्या आज्ञा जातात आणि उत्तरे कोणत्या स्वरूपात येतात, एवढा तक्ता द्या. त्याला उत्तर नाही.

सध्या आम्ही नव्या संगणकाच्या पोटात एक आभासी संगणक केला आहे. त्यात ३२ बिटची जुनी विंडोज, तिला नेटवर्क नाही, आणि यूएसबीचे एक दार तेवढे तिच्याकडे वळवलेले. चालते, पण २०० ते ८०० नॅनोमीटरचा सलग स्कॅन घेताना मधेच जोडणी तुटते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. विद्यार्थ्यांना वाटते यंत्र जुने झाले. यंत्राचा यात काडीचा दोष नाही, हे प्रत्येक तुकडीला नव्याने सांगत बसते. ज्यांची उपकरणे यूएसबीऐवजी संगणकात बसवायच्या कार्डावर चालतात, त्यांना तर ही वाटही सहसा मिळत नाही.

दुसरा किस्सा उलट बाजूचा. इथे ड्रायव्हर नव्हता असे नाही, चांगला चालत होता. आमचा वजनकाटा नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवर बोलतो. आजच्या संगणकांना ते पोर्ट नसते, म्हणून यूएसबीचे सीरियल करणारी केबल लावलेली. विंडोज अपडेटने एके रात्री त्या केबलमधल्या चिपचा ड्रायव्हर आपणहून ‘सुधारला’. सकाळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या नावाच्या जागी चक्क एक सूचना छापलेली: ही चिप आता चालणार नाही, तुमच्या पुरवठादाराशी संपर्क साधा. उपकरणाच्या नावाच्या रकान्यात ताकीद लिहायची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला एकदा भेटायला आवडेल. चिप बनवणाऱ्या कंपनीचा युक्तिवाद असा की बाजारात तिच्या नकला फार झाल्या आहेत आणि जुन्या चिपचे उत्पादन तिने थांबवले आहे. असेल. पण केबल घेणाऱ्याने आतली चिप अस्सल की नक्कल हे ओळखायचे कसे?

हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो, म्हणून उपाय लिहून ठेवते. त्या पोर्टवर उजवी क्लिक, ‘ड्रायव्हर अपडेट करा’, मग आपोआप शोधू न देता ‘माझ्या संगणकावर शोधा’ आणि त्यानंतर ‘उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून निवडू द्या’. जुना ड्रायव्हर बहुधा त्या यादीत शिल्लक असतो. तो निवडला की सूचना जाते आणि पोर्ट परत येते. पुढच्या अपडेटला हेच पुन्हा होण्याची शक्यता असते. शिवाय केबल दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज तिला नवा क्रमांक देऊ शकते. आमचे पोर्ट असेच ११व्या क्रमांकावर गेले आणि वजनकाट्याच्या प्रोग्रॅममध्ये निवडायला जागा फक्त १ ते ४. पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक हाताने ३ केला तेव्हा वजने दिसू लागली. आणि एक विनवणी: अशा वेळी ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम टाकू नका. चालू असलेला ड्रायव्हर केवळ जुना आहे म्हणून बदलण्याइतका वाईट विचार दुसरा नाही.

आता अनेक वाचक म्हणतील, लिनक्स वापरा. वापरते. विभागातला एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर विंडोजने टाकून दिला होता, त्याचाही ६४ बिटचा ड्रायव्हर कधी निघाला नाही. तो लिनक्सच्या संगणकाला लावला, आणि ‘सेन’ या मुक्त प्रकल्पात त्याच्यासाठीचा भाग आधीपासून होता. सीडी नाही, शोधाशोध नाही, सरळ स्कॅन. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या मूळ सोर्स कोडबरोबरच राहतात. कर्नलची आतली रचना बदलली की बदल करणाऱ्यानेच त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हरही दुरुस्त करायचे, अशी तिथली शिस्त आहे. म्हणून मूळ कंपनी विसरली तरी उपकरण जगते. जे ड्रायव्हर या मूळ कोडाबाहेर राहतात, त्यांची मात्र दर मोठ्या अपडेटला परीक्षा, कारण कर्नलच्या आतली रचना स्थिर राहील अशी हमी लिनक्सवाले मुद्दाम देत नाहीत. तिथेही जुने काढले जाते. इंटेल ३८६ प्रोसेसरचा पाठिंबा २०१३च्या ३.८ आवृत्तीत संपला. फरक इतकाच की काय काढले आणि का काढले हे उघड दिसते, आणि ज्याला हवे तो जुना कोड उचलून पुढे चालवू शकतो. स्पेक्ट्रोला याचा उपयोग नाही. त्याची भाषा कोणालाच ठाऊक नाही, तर ड्रायव्हर लिहिणार कोण?

मॅकवाल्यांनी फार हसू नये. ॲपलने मॅकच्या २०१९च्या कॅटालिना या आवृत्तीत ३२ बिटचे प्रोग्रॅमसुद्धा बंद केले. विंडोजने निदान ते तरी चालू ठेवले आहेत.

सुरक्षेकडे येते, कारण ‘जुने टाका’ या सल्ल्याचा सगळा भार त्यावर आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतली कितीतरी रुग्णालये ठप्प केली. ज्या भोकातून तो शिरला त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते, तरी ते न लावलेले संगणक सापडले. त्यांत एमआरआयसारख्या उपकरणांना जोडलेले संगणकही होते. अशा संगणकांना लोक हात का लावत नाहीत? आळस असतोच, पण हात लावला आणि यंत्र बोलेनासे झाले तर काय, ही भीतीही असते. एक ड्रायव्हर अख्ख्या संगणकाला जुन्या आवृत्तीत खिळवून ठेवतो. म्हणून ड्रायव्हरचा प्रश्न सोडवल्याशिवाय ‘अपडेट करा’ म्हणणे अर्धवट आहे.

आणि ड्रायव्हर विंडोजबरोबरच आलेला असला तरी तो कायमचा, असेही समजू नये. विंडोजमध्ये कित्येक वर्षे एजिअर या कंपनीच्या मोडेमचा एक ड्रायव्हर मुळातच असायचा. मोडेम असो वा नसो, तो आपला आत पडलेला. त्यात एक गंभीर भोक सापडले आणि ऑक्टोबर २०२५च्या अपडेटने तो दुरुस्त न करता काढूनच टाकला. त्यावर चालणारे फॅक्स मोडेम बंद पडतील, हे मायक्रोसॉफ्टने त्याच वेळी जाहीर केले. निर्णय योग्य होता असेच मी म्हणेन. न वापरलेल्या मोडेमसाठी सगळ्यांचे दार उघडे का ठेवायचे? तरी कुठेतरी कोणीतरी त्या दिवशी फॅक्स का जात नाही म्हणून वायर काढून पुन्हा लावत बसला असणार, आणि त्याला हे सांगणारे कोणी नव्हते.

माझे म्हणणे मायक्रोसॉफ्टविरुद्ध कमी आणि उपकरणे बनवणाऱ्यांविरुद्ध जास्त आहे. खोक्यावर व्होल्टेज छापतात, वजन छापतात, ‘विंडोजसाठी योग्य’ असेही छापतात. कुठल्या विंडोजसाठी आणि कधीपर्यंत, हे छापत नाहीत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून इंटरनेटला जोडता येणारी बरीचशी घरगुती उपकरणे विकताना सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील ते जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नव्या स्मार्टफोन आणि टॅब्लेटच्या कंपन्यांना विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट द्यावे लागतात. म्हणजे मुदत लिहून घेता येते, कंपन्या ती देऊही शकतात. मग संगणकाला जोडायच्या उपकरणाच्या ड्रायव्हरला हाच नियम का नको? मुदत संपली की कंपनीने ड्रायव्हरचा कोड खुला करावा. ते जमत नसेल तर आज्ञांचा तक्ता द्यावा. तेही नको असेल तर शेवटचा ड्रायव्हर डाउनलोडसाठी कायम ठेवावा. तिसरी गोष्ट तर फुकटात होण्यासारखी आहे, तरी संकेतस्थळाची नवी रचना झाली की सर्वात आधी जुन्या ड्रायव्हरांची पाने गायब होतात.

तोवर खरेदी करणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे. उपकरण स्वतःच्या खास ड्रायव्हरवर चालते की ठरलेल्या मानकावर, एवढे विचारावे. वीस वर्षांपूर्वीचा यूएसबी कीबोर्ड आजच्या कुठल्याही संगणकावर लावता क्षणी चालतो, कारण त्या वर्गाच्या सगळ्या उपकरणांची भाषा एकच ठरलेली आहे आणि तिचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमबरोबरच येतो. वेबकॅम, पेन ड्राइव्ह, यूएसबीचे माइक यांचेही बहुतांशी तसेच. प्रिंटर आता त्या वाटेला लागले आहेत: कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केले आणि आयपीपी या छपाईच्या मानकावरच्या एकाच सामाईक ड्रायव्हरकडे बोट दाखवले. मानक म्हणजे रामबाण नव्हे. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा ईएससीएल हे स्कॅनरचे मानक पाळणारी काही यूएसबी उपकरणेच तिला सापडेनात, आणि मायक्रोसॉफ्टला अशा संगणकांवर ते अपडेट काही काळ रोखून धरावे लागले. पण तिथे दुरुस्ती एका जागी झाली आणि सगळ्यांना मिळाली. आमच्या स्पेक्ट्रोची दुरुस्ती होण्यासारखी जागाच नाही.

त्यासंबंधी एक विनंती करून थांबते. या यंत्राबरोबर त्या काळी काही ग्राहकांना आज्ञांची एक वेगळी पुस्तिका दिली जात असे, असे मला कंपनीच्याच एका निवृत्त तंत्रज्ञाकडून कळले. आमच्या प्रतीबरोबर ती आली नव्हती. यंत्राची कंपनी आणि मॉडेल मी आपल्याला वेगळ्या चिठ्ठीत कळवले आहे. एखाद्या वाचकाच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ती पुस्तिका पडून असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत तिच्या पानांचे फोटो माझ्यापर्यंत पोहोचावेत. पुढचा प्रोग्रॅम लिहायला आमचे दोन विद्यार्थी तयार बसले आहेत, आणि तो लिहून झाला की ज्याला हवा त्याला आम्ही देऊ.

आपली,
एक प्रयोगशाळा सहायक
(नाव व पत्ता संपादकांकडे)